वेंगुर्ल्याच्या कवीने लिहिलेलं नाटक जर्मनीत कसं पोहोचलं? सिंधुदुर्गातल्या अनुवादकांची ही ओळख

मालवण-वेंगुर्ला सर्च केलं की फोनवर स्कूबा डायव्हिंग, सोलकढी आणि सिंधुदुर्ग किल्ल्याचे रील येतात. याच किनाऱ्याच्या माणसांनी जगातली काही मोठी पुस्तकं मराठीत आणली, हे मात्र फारसं वर येत नाही. कवी, कादंबरीकार म्हणून ती सगळ्यांना माहीत आहेत. अनुवादक म्हणून तेवढी नाहीत.

विंदा करंदीकर यांचं उदाहरण घ्या. जन्म 1918, देवगड तालुक्यातलं धालवली. मुंबईत इंग्रजीचे प्राध्यापक असताना त्यांनी अॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणलं (1957), मग गटेचं 'फाउस्ट' आणि शेक्सपिअरचं 'राजा लिअर'. ग्रीक विचार, जर्मन काव्यनाट्य, इंग्रजी शोकांतिका, सगळं एकाच माणसाकडून! 2003च्या ज्ञानपीठाच्या बातम्यांत या कामाला एखादी ओळ मिळाली तरी खूप.

वेंगुर्ल्याच्या चिं. त्र्यं. खानोलकरांची, म्हणजे आरती प्रभूंची गोष्ट आणखी रंजक आहे. दोन बायका एका मुलावर हक्क सांगतात, न्यायाधीश खडूचं वर्तुळ आखून निवाडा करतो, ही मूळ चिनी कथा. जर्मन नाटककार ब्रेख्तने तिच्यावरून नाटक लिहिलं आणि शेवट उलटा केला: मूल जन्म देणारीला नाही, सांभाळणारीला मिळतं. खानोलकरांनी त्याचं 'अजब न्याय वर्तुळाचा' हे मराठी रूपांतर केलं. विजया मेहता यांनी ते बसवलं आणि पूर्व जर्मनीतही त्याचे प्रयोग झाले. ब्रेख्तच्याच देशात, मराठीतून!

आरवलीचे जयवंत दळवी आणि वेंगुर्ल्यात जन्मलेले मंगेश पाडगावकर, दोघांनीही अमेरिकी सरकारच्या मुंबईतल्या माहिती कार्यालयात नोकरी केली. दळवींनी तिथे असताना अनेक मराठी लेखकांकडून अमेरिकी पुस्तकांचे अनुवाद करून घेतले. शीतयुद्धाचा काळ होता, अमेरिकेचा त्यात हेतू होताच. पण वाचकाला पुस्तकं मिळाली. पाडगावकरांनी पुढे शेक्सपिअरचं 'द टेम्पेस्ट' 'वादळ' नावाने मराठीत आणलं. मीरा आणि कबीरही त्यांनी मराठीत आणले.

वि. स. खांडेकर मूळचे सांगलीचे. पण 1920 ते 1938 ते शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. लेबनॉनच्या खलील जिब्रानच्या रूपककथा मराठी वाचकाला भेटल्या त्या त्यांच्यामुळे.

आता ही पुस्तकं मिळवायची कशी? अडचण इथेच आहे. ग्रंथालयाच्या यादीत अनुवाद कधी मूळ लेखकाच्या नावावर असतो, कधी अनुवादकाच्या. त्यात गटे, गोएथे, ग्योथे असं एकच नाव तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं. सर्चला ते कळत नाही (इंजिनिअरिंग करूनही मला हे उशिरा सुचलं). म्हणून आधी 'करंदीकर' टाका. नाहीच मिळालं तर थेट काउंटरवर जाऊन विचारा.