हाताखालचा माणूस पुढे जातो तेव्हा

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्यानं विचारलं होतं, "सर, माझं काम चांगलं झालं की आमचे साहेब खूश होण्याऐवजी गप्प होतात. असं का?" वेळ संपली होती, म्हणून तो प्रश्न आज घेऊ.

आपण सहसा म्हणतो, साहेब दोन प्रकारचे. काही हुशार माणसाला दाबणारे, काही त्याला हात देऊन वर घेणारे. ही विभागणी सोयीची आहे, पण पुरेशी नाही. का, ते एका उदाहरणातून पाहू.

१८१२ सालचं लंडन. मायकेल फॅरेडे हा लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा. त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांची व्याख्यानं ऐकायला मिळाली. डेव्ही म्हणजे तेव्हाचं मोठं नाव. सोडियम आणि पोटॅशियम ही मूलद्रव्यं १८०७ मध्ये त्यांनीच वेगळी केलेली. फॅरेडेनं व्याख्यानांची टिपणं काढली, स्वच्छ लिहिली, बांधली आणि डेव्हींना पाठवून दिली. १८१३ मध्ये डेव्हींनी त्याला प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतलं. त्याच वर्षी युरोपच्या दौऱ्यावरही नेलं. फारसं शालेय शिक्षण नसलेला हा मुलगा तिथे अँपिअर आणि व्होल्टा यांना भेटला. याहून चांगला साहेब कोणता?

आता काही वर्षं पुढे येऊ. १८२१ मध्ये फॅरेडेनं विजेच्या साहाय्यानं सतत फिरणारी तार करून दाखवली. आजच्या मोटारीचं मूळ ते. पण या विषयावर डेव्हींचे मित्र वोलस्टन आधीपासून विचार करत होते आणि फॅरेडेनं त्यांचा उल्लेख केला नव्हता, त्यामुळे कुरबुर झाली. १८२३ मध्ये त्यानं क्लोरीन वायूचा द्रव केला, तेव्हा डेव्हींनी त्याच्या निबंधाला स्वतःच्या वाट्याची टीप जोडली. मग रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी फॅरेडेचं नाव आलं. अध्यक्ष कोण? डेव्हीच. त्यांनी फॅरेडेला नाव मागे घ्यायला सांगितलं. फॅरेडे म्हणाला, नाव मी दिलेलं नाही, दुसऱ्यांनी दिलंय. मी कसं मागे घेऊ? १८२४ मध्ये तो निवडून आला. विरोधात एकच मत पडलं.

माणूस तोच. मग बदललं काय? दोघांमधलं अंतर. फॅरेडे बांधणीच्या दुकानात होता तेव्हा त्याला हात देण्यात डेव्हींचं काहीच जात नव्हतं. तो शेजारी येऊन उभा राहिला, तेव्हा मन लहान झालं. ॲरिस्टॉटलनं हे फार पूर्वी ओळखलं होतं. तो म्हणतो, आपण मत्सर करतो तो आपल्या जवळच्यांचा, आपल्यासारख्यांचा. मत्सर आणि चढाओढ यांत तो फरकही करतो. चढाओढ करणारा म्हणतो, त्याच्याजवळ आहे ते मलाही मिळावं. मत्सरी म्हणतो, त्याच्याजवळ ते नसावं.

म्हणजे नवख्याला सांभाळणं ही मोठेपणाची परीक्षा नव्हेच. तो आपल्या बरोबरीला येतो, परीक्षा तेव्हा सुरू होते.

ऑफिसात हा मत्सर आरडाओरडा करत नाही. तो नियमांच्या भाषेत बोलतो. "अजून थोडा अनुभव हवा." "या बैठकीला तुमची गरज नाही." अहवाल वर जातो, करणाऱ्याचं नाव खाली राहून जातं.

हे आम्ही बाहेरून सांगत नाही. आम्ही विभागप्रमुख असताना एका तरुण सहकाऱ्याला परदेशातल्या परिषदेत निबंध वाचायला बोलावणं आलं. रजेचा अर्ज आमच्या टेबलावर. परीक्षा जवळ आल्या होत्या, हे कारण खरंच होतं. पण त्या विषयावर आम्ही वीस वर्षं शिकवत होतो आणि आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं, हेही खरं होतं. अर्ज तीन आठवडे पडून राहिला. मुदत टळली. त्यानं एका शब्दानं विचारलं नाही; दोन वर्षांनी तो दुसऱ्या कॉलेजात गेला. आम्ही त्याच्या निरोपसमारंभात भाषणही केलं.

डेव्हींची गोष्ट मात्र १८२४ मध्ये संपत नाही. पुढच्याच वर्षी फॅरेडे रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेचा संचालक झाला, तो डेव्हींच्याच शिफारशीवरून. म्हणजे परत फिरता येतं. आम्हाला ते जमलं नाही.

तेव्हा आपल्यापैकी जे वरच्या खुर्चीत आहेत त्यांनी कारण लिहिताना एवढंच विचारावं: हाच अर्ज आपल्यापेक्षा कमी हुशार माणसाचा असता, तर हेच कारण आपल्याला सुचलं असतं का?

आणि प्रश्न विचारणाऱ्या मित्राला सांगायचं, तर फॅरेडेनं नाव मागे घेतलं नाही, आणि पुढे डेव्हींबद्दल आदरच ठेवला. तुम्हीही तुमच्या कामावरचं नाव सोडू नका. साहेबांचं गप्प होणं हा तुमच्या कामाचा दोष नाही. बहुतेक वेळा, तुम्ही त्यांच्या शेजारी पोहोचलात, एवढाच त्याचा अर्थ असतो.