शेवटची आच गिऱ्हाइकाच्या हाती

ग्यूकात्सु म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेला गोमांसाचा काप. 'ग्यू' म्हणजे गोवंश आणि 'कात्सु' म्हणजे कटलेट. इंग्रजी शब्द जपानी जिभेवर 'कात्सुरेत्सु' झाला, पुढे त्याचे शेपूट गळाले आणि नुसते 'कात्सु' उरले. मराठीत कटलेट म्हटले की बटाट्याची किंवा खिम्याची चपटी टिक्की डोळ्यांपुढे येते. ग्यूकात्सुत मात्र कुटलेले, मळलेले काही नसते. मांसाचा अख्खा काप आधी मैद्यात, मग फेटलेल्या अंड्यात आणि शेवटी 'पान्को' या जाडसर, भुसभुशीत चुऱ्यात घोळवतात. पान्कोमधला 'पान' म्हणजे पाव. ज्या पोर्तुगीज शब्दावरून मराठीत पाव आला, त्याच शब्दावरून जपानीत पान आला.

हा काप कढईत राहतो जेमतेम मिनिटभर. कापून ताटात येतो तेव्हा बाहेरचे कवच सोनेरी, कुरकुरीत आणि आतले मांस लालबुंद, जवळजवळ कच्चे असते. नवख्या माणसाला वाटते, आचाऱ्याने घाई केली. प्रत्यक्षात ते मुद्दामच अर्धवट ठेवलेले असते, कारण पुढचे भाजणे खाणाऱ्याने करायचे असते.

जपानमध्ये गोमांस तसे उशिरा रुळले. सम्राट तेन्मूने ६७५ साली गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसावर हंगामी बंदी घातली होती. बौद्ध विचारांचा प्रभाव आणि शेतीतले बैलाचे मोल यामुळे चारपायी जनावर न खाण्याची रीत पुढे शतकानुशतके कमीअधिक टिकली. लपूनछपून, औषधाच्या नावाखाली खाणारे होतेच. १८७२ मध्ये सम्राट मेइजींनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि पाश्चात्त्य धाटणीचे जेवण हे सुधारणेचे लक्षण ठरले. १८९५ मध्ये तोक्योच्या गिंझा भागात सुरू झालेल्या 'रेंगातेइ' या उपाहारगृहाने युरोपीय कटलेटला जपानी वळण दिले. थोड्या लोण्यात परतण्याऐवजी भरपूर तेलात, तेम्पुरा या जपानी भज्यांसारखे तळायचे, आणि मांस डुकराचे घ्यायचे. त्यातून 'तोन्कात्सु' घडले व देशभर पसरले. सोबत कच्च्या कोबीचा ढीग देण्याची प्रथाही तिथलीच मानतात. १९०४ च्या रशिया-जपान युद्धात तरुण आचारी लष्करात गेले, भाज्या शिजवायला हात उरले नाहीत, म्हणून कोबी चिरून वाढला जाऊ लागला, असे सांगतात.

पश्चिम जपानचा कल मात्र गोमांसाकडेच राहिला. ओसाका-कोबे परिसरात नुसते 'निकु', म्हणजे मांस, म्हटले की गोमांसच समजतात. डुकराचे मांस भरलेल्या वाफवलेल्या पावाला तोक्योत 'निकुमान' म्हणतात, तर ओसाकात त्याला 'बुतामान' असे वेगळे नाव लागते. कोबेत गोमांसाचे कटलेट 'बिफुकात्सु' या नावाने जुन्या उपाहारगृहांत आजही मिळते. त्यावर दाट तपकिरी सॉस असतो आणि ते सुरीकाट्याने खातात. चॉपस्टिकने खायचे, आत लाल असलेले, थाळीतले ग्यूकात्सु हे त्याचे धाकटे भावंड. त्याची लाट आली २०१५ च्या आसपास. 'ग्यूकात्सु मोतोमुरा' आणि 'क्योतो कात्सुग्यू' ही साखळी-दुकाने त्यातली ठळक नावे. परदेशी पर्यटकांच्या रांगांनी ती अधिकच नावारूपाला आली.

अशी दुकाने बहुधा लहान असतात. कधी तळघरात, कधी गल्लीच्या तोंडाशी, बसायला ओट्यासमोर मोजक्या खुर्च्या. बाहेर रांग असते, आणि रांगेतच मागणी घेऊन टाकण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. काही दुकानांत दारातल्या यंत्रात पैसे टाकून चिठ्ठी घ्यायची असते. निवडायचे फारसे नसते: मांस किती, साधारण १३० ग्रॅम की त्याहून जास्त, आणि सोबत तोरोरो ही कंदाची पेस्ट हवी की नको. साध्या थाळीतले मांस बहुतेक वेळा आयात केलेले असते. वाग्यू या प्रसिद्ध जपानी गोमांसाचे ताट बरेच महाग पडते.

थाळी येते ती एकाच तबकात. वाटीभर भात, अनेकदा जव मिसळलेला, मिसोचे सूप, केसासारखा बारीक चिरलेला कोबी, लोणच्याच्या दोनचार फोडी, वासाबीचा हिरवा गोळा, मीठ, सोया सॉस. तोरोरो म्हणजे किसलेल्या कच्च्या कंदाची पांढरी, तार सुटणारी पेस्ट. ती भातावर ओतून खातात. भेंडीच्या बुळबुळीतपणाने तोंड वाकडे करणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

ताटाशेजारी खरी गंमत असते. लहानशा चुलीवर तळहाताएवढा काळा दगड, आणि खाली ॲल्युमिनियमच्या कागदात बसवलेली घट्ट इंधनाची वडी. कापाचा एक तुकडा चॉपस्टिकने उचलून, कापलेली लाल बाजू दगडावर टेकवायची. चर्र आवाज होतो, चरबीचा वास येतो, पंधरा-वीस सेकंदांत लाल रंग गुलाबी आणि मग करडा होत जातो. कुठे थांबायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. सगळे तुकडे एकदम दगडावर मांडणे ही नवख्याची हमखास चूक. दगड थंडावतो, कवच तेल सोडून मऊ पडते आणि मांस चिवट होते. एकेक तुकडा भाजत, एकदा नुसत्या मिठाशी, एकदा वासाबीशी, मध्येच कोबीचा घास घेत खाण्यातच या जेवणाची लय आहे. काही दुकाने दगड देतच नाहीत. त्यांच्या मते आचाऱ्याने नेमके शिजवलेले मांस पुन्हा भाजून बिघडवू नये.

तोन्कात्सु पूर्ण शिजवावेच लागते, मग ग्यूकात्सु अर्धकच्चे कसे चालते? अखंड कापात रोगजंतू प्रामुख्याने पृष्ठभागावर असतात आणि कडकडीत तेलाने ते मरतात. डुकराच्या मांसात मात्र विषाणू व परजीवी आतही असू शकतात. २०१५ पासून जपानमध्ये डुकराचे मांस कच्चे खाण्यासाठी विकण्यावर बंदी आहे. जंतू पृष्ठभागावर असण्याचा नियम गोमांसातही तुकडे सांधलेल्या किंवा आत चरबी टोचलेल्या मांसाला लागू होत नाही, कारण तिथे पृष्ठभागच आत गेलेला असतो. ते पुरते भाजणेच योग्य. २०११ मध्ये कच्च्या गोमांसाच्या पदार्थातून विषबाधा होऊन पाच जण दगावले, त्यानंतर जपानने नियम कडक केले. लहान मुले, वृद्ध आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी प्रत्येक तुकडा आतपर्यंत भाजलेला बरा.

गोमांस न खाणाऱ्या प्रवाशाला कात्सुच्या पाट्या फसवतात, कारण तळलेले सगळे काप बाहेरून सारखेच दिसतात. नावाचा पहिला भाग ऐकावा: ग्यू म्हणजे गोमांस, तोन म्हणजे डुक्कर, चिकन तर चिकनच. शाकाहाऱ्याने कोबी-भातावर भागवायचे म्हटले तरी मिसोच्या सूपात बहुधा माशाचा अर्क असतो.

इंधनाची वडी वीसेक मिनिटांत संपते. गप्पांत रमलेल्याचे शेवटचे तुकडे लालच राहतात. सांगितले तर वडी बदलून मिळते. भात आणि कोबी पुन्हा मागता येतो, काही दुकानांत फुकट. बक्षिशीची पद्धत नाही. उठताना 'गोचिसोसामा', म्हणजे जेवण छान झाले, एवढे म्हणायचे आणि खुर्ची रिकामी करायची. दाराबाहेर पुढचा माणूस उभाच असतो.