ठाण्याने नाकारले, तिने छापले!

घरातील मारहाण ही बातमी नव्हे, असे मनुवादी प्रसारमाध्यमांनी ठरवून टाकले आहे. बाईचा जीव गेला की चार ओळी येतात, त्याही ‘कौटुंबिक वादातून’ या मथळ्याखाली. बातमी कोणती हे ठरविणाऱ्यांत दलित स्त्री कधी नव्हतीच. मे २००२ मध्ये उत्तर प्रदेशातील चित्रकूट जिल्ह्यातून ‘खबर लहरिया’ हे बुंदेली बोलीतील वर्तमानपत्र निघाले आणि ती ठरविणारी झाली.

कविता देवी त्याच्या एक संस्थापक. बांदा जिल्ह्यातील दलित कुटुंबात जन्म, बालवयात लग्न आणि त्यानंतर साक्षरता वर्गात अक्षरओळख. त्यांच्यासह मीरा देवी आणि इतर दलित, आदिवासी, मुस्लिम, मागासवर्गीय भगिनी हुंडा, नवऱ्याची मारझोड, बलात्कार यांच्या बातम्या गावोगाव फिरून आणू लागल्या. गुन्हा का नोंदविला नाही, असे त्यांनी थेट पोलिसांनाच विचारले. २०१५ मध्ये एका इसमाने फोनवरून याच वार्ताहरांचा महिनोन्‌महिने छळ केला. पोलिसांनी टाळाटाळ केली. त्यांनी तो छळ जाहीरपणे लिहिला, तेव्हा कुठे अटक झाली!

आम्ही वकिली करतो, म्हणून याचे मोल जाणतो. दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगितले. बलात्काराची तक्रार न नोंदविणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे. कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ४ आहे. पण पीडितेला परत पाठविल्याची नोंद ठाणे स्वतःविरुद्ध कशाला ठेवील? नुसते कात्रण न्यायालयात पुरावा ठरत नाही, हे खरे. मात्र त्या दिवशी तिच्यासोबत गेलेली वार्ताहर साक्षीदार होऊ शकते.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी भगिनींना नवऱ्याची मैत्रीण व्हा, गुलाम होऊ नका, असे बजावले. विहारात वंदना घेऊन घरी हात उगारणारे आपल्या वस्तीतही आहेत. त्यांची बातमी ‘समाजाची बदनामी होईल’ म्हणून दाबायची, तर मनुवाद्यांत आणि आपल्यात फरक काय?

‘मूकनायक’ १९२० मध्ये मुक्यांसाठी निघाला. आजची मुकी आपल्याच घरात आहे. म्हणून आमची मागणी एकच : चळवळीच्या प्रत्येक दैनिकाने तालुक्यागणिक एक तरी भगिनी वार्ताहर नेमावी, तिला मानधन द्यावे, कायद्याचे प्रशिक्षण द्यावे. पीडितेचे नाव गुप्त ठेवावे, पण ठाण्याचे नाव ठळक छापावे!

जय भीम!