ना लागलं, ना पडलं, तरी आत रक्तस्राव? डायलिसिस आणि रक्त पातळ करायची गोळी

कानात हेडफोन असो की हा मजकूर वाचत असाल, आजचा विषय जरा गंभीर आहे. माझे मामा नांदेडला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. ठोके अनियमित पडतात म्हणून रक्त पातळ करायची गोळीही चालू आहे. मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस. पण मामांची फाइल माझ्याकडे असते, म्हणून हे समजून घेतलं.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. या गोळीनं रक्त पातळ वगैरे काही होत नाही, फक्त गुठळी व्हायला वेळ लागतो. वॉरफरिन शरीरातल्या व्हिटॅमिन केचं काम अडवतं. (हेच वॉरफरिन 1948 ला आधी उंदीर मारायला बाजारात आलं होतं, माणसांसाठी 1954 ला. मामींना हे अजून सांगितलेलं नाही.)

मग डायलिसिसवाल्यांनाच धोका जास्त का? किडनी बंद पडली की रक्तात टाकाऊ पदार्थ साचतात आणि प्लेटलेट नीट चिकटत नाहीत. रिपोर्टमध्ये आकडा दीड-दोन लाख, एकदम नॉर्मल! सर्व्हर चालू आहे पण रिक्वेस्टला उत्तर देत नाही, तसं. त्यात मशीनच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून बहुतेक वेळा हेपॅरिन देतात. त्याचा असर काही तासांत उतरतो, पण तेवढा वेळ भर पडतेच. आणि वरून ती गोळी.

अशात नुसता खोकल्याचा ठसका लागला, किंवा काहीच झालं नाही, तरी पोटाच्या स्नायूत किंवा आत कमरेच्या बाजूला रक्त साचू शकतं. बाहेर एक थेंब दिसत नाही. पोटात एका बाजूला अचानक दुखतं, गाठ हाताला लागते, कमरेत-जांघेत कळ येते, मांडी उचलवत नाही, चक्कर येते, बीपी पडतो. डायलिसिसनंतर बीपी तसाही पडतो, म्हणून घरचे म्हणतात, ‘थकवा आहे, गॅस असंल.’ आणि डायक्लोफेनॅक देतात. माझ्या मते खरा घात इथं होतो, कारण ती पेनकिलर प्लेटलेटला आणखी सुस्त करते.

वॉरफरिनवर असाल तर आयएनआर तपासत राहा. बहुतेकांना 2 ते 3 मध्ये ठेवतात, धातूची झडप असेल तर जास्त. काही अँटिबायोटिकनं हा आकडा झपकन वर जातो, म्हणून मेडिकलवरून परस्पर गोळ्या आणू नका. नव्या गोळ्यांत डाबिगाट्रान बरंचसं किडनीतूनच बाहेर पडतं, त्यामुळे डायलिसिसवर ते सहसा देत नाहीत. पण भीतीनं स्वतःच गोळी बंद करू नका, लकव्याचा धोका असतो.

वर सांगितलेलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, 108 लावा. किनवटहून नांदेड गाठायलाच काही तास जातात. विष्णुपुरीचं सरकारी रुग्णालय असो की लातूरचं, कॅज्युअल्टीत पहिल्याच वाक्यात सांगा: पेशंट डायलिसिसवर आहे, गोळी अमुक, शेवटचं डायलिसिस अमुक वाजता झालं. त्यावरूनच हिमोग्लोबिन, आयएनआर आणि सीटी स्कॅन लगेच करायचं का, ते ठरतं. मामांच्या गोळीच्या पाकिटाचा फोटो आमच्या फॅमिली ग्रुपवर पिन करून ठेवलाय.