ताराबाईंना हार, मुलींना अक्षता

आंतरराष्ट्रीय महिला वर्षाला 2025 मध्ये पन्नास वर्षं झाली. त्या निमित्ताने आमच्या सोलापुरातल्या एका संस्थेने आठ मार्चला ताराबाई शिंदे यांच्या नावाच्या फलकाला हार घातला. वक्ते दहा मिनिटं बोलले, मग तासभर पैठणीचा खेळ रंगला. निवृत्त शिक्षिका म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलेलं, त्यामुळे उठून जायचीही सोय नव्हती. आणि याच जिल्ह्यात, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, विशीतल्या शंभर तरुणींपैकी सुमारे चाळीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं. राज्याचं प्रमाण बावीसच्या आसपास, म्हणजे आपण जवळपास दुप्पट. त्या स्टेजवर हा आकडा कुणी उच्चारला नाही.

ताराबाई बुलढाण्याच्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल 1881 मध्ये फाशी सुनावली गेली, पुढे शिक्षा कमी झाली. पण वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चारित्र्याचा जो पंचनामा सुरू झाला, त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी 1882 मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. बायकांवर लादलेला एकेक दुर्गुण उचलायचा आणि तो पुरुषाच्याच पदरात टाकायचा, अशी त्यांची रीत. त्याच साली पंडिता रमाबाईंचं ‘स्त्रीधर्मनीति’ आलं. ते बाईला सांगत होतं, शीक आणि स्वतःच्या पायावर उभी राहा. ताराबाई बाईला काहीच शिकवायला गेल्या नाहीत. त्यांनी पुरुषाची हजेरी घेतली. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, तरी ताराबाईंनी पुढे दुसरं पुस्तक लिहिल्याचं दिसत नाही.

मधली नव्वद वर्षं मी भराभर ओलांडते. सोलापुरात सेवासदन आलं, श्राविकाश्रम उभा राहिला, चांगल्या शाळा निघाल्या, आणि शिकलेली मुलगी म्हणजे सुबक संसार हे समीकरण शहराने आनंदाने गिरवलं. अपवाद एकच. ‘कळ्यांचे निःश्वास’ या कथासंग्रहामुळे 1933 मध्ये गदारोळ उडवणाऱ्या विभावरी शिरूरकर, म्हणजे बाळूताई खरे, पुढे इथल्या सेटलमेंटमध्ये सरकारी नोकरीला आल्या. तारेच्या कुंपणाआड डांबलेल्या ‘गुन्हेगार’ जमातींच्या जगण्यावर त्यांनी ‘बळी’ ही कादंबरी लिहिली. सेटलमेंट हे नाव अजून रिक्षावाल्याच्या तोंडी आहे. बाळूताईंचं नाव कुणाच्या तोंडी नाही.

मला रमायचंय ते 1975 ते 85 या काळात. स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुन्हा छापलं, आणि त्याच सुमारास मी शहराच्या तेलुगूभाषक पूर्वभागातल्या एका शाळेत नोकरीला लागले. पोरींच्या वह्यांना तंबाखूचा वास यायचा. घरी आई फर्म्याने पान कापून, सुपातली तंबाखू भरून विडी वळायची, आणि दोरा बांधून झाला की विडीचं तोंड मुडपायचं काम लेकीचं. शाळा सुटल्यावर आधी विड्या, मग अभ्यास. मुलगी बघायला आलेली माणसं बेधडक विचारायची, “दिवसाला हजार वळते का?” पुण्यातल्या पेठांत तेव्हा मुलीची पदवी विचारत. मला दोन्ही प्रश्न एकाच बाजारातले वाटायचे.

आम्हा काही जणींचा एक वाचनगट होता. पुरोगामी पुरुष मंडळी त्यात मोठ्या उत्साहाने यायची. फुले त्यांना मुखोद्गत, पण ताराबाई वाचायला घेतल्या की एक ज्येष्ठ कार्यकर्ते हमखास म्हणत, “विचार ठीक, भाषा जरा भडक.” चहा अर्थात आम्हीच करायचो. दुसरे एक कामगारपुढारी सांगत, आधी मजुरी, मग मुलींच्या शाळेचं बघू. मजुरीसाठी ते खरंच लढले, ते नाकारण्यात अर्थ नाही. शाळेचं ‘मग’ मात्र कधी उजाडलं नाही. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या ताई फार छान बोलायच्या आणि रात्रीच्या गाडीने परत जायच्या.

तरी त्या वर्षांत दम होता. मथुरा बलात्कार प्रकरणावर 1980 मध्ये देशभर बायका रस्त्यावर उतरल्या. ‘मुलगी झाली हो’ हे नाटक 1983 पासून गावोगाव गाजू लागलं. एका दुपारी मी साखर पेठेतल्या एका अंगणात विड्या वळणाऱ्या बायकांना ताराबाई मोडक्या तेलुगूत सांगत होते. हात कुणाचेच थांबले नव्हते. एक म्हातारी अक्का म्हणाली, “बाई, हे लिहिणारीला नवरा होता का?” होता, घरजावई होता, असं मी म्हटल्यावर अंगणभर हशा पिकला. “मग बरोबर,” अक्का म्हणाली. इतकी नेमकी समीक्षा मी कुठल्या परिसंवादात ऐकलेली नाही.

ती अंगणं आता मोडली. विडीचा धंदा ओसरतोय, मुली कपडे शिवायच्या कारखान्यांत जातात. शहराबाहेर कुंभारीला कामगारांची हजारो घरं झाली, विद्यापीठाला 2019 मध्ये अहिल्यादेवींचं नाव मिळालं, आणि जुलै 2024 मध्ये सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शंभर टक्के फी माफ केली. फीमाफीचं मी मनापासून स्वागत करते. पण दहावीनंतर अक्षता पडलेल्या मुलीच्या ती काय कामाची?

मध्यंतरी एका मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं, म्हणून तिच्या बापाला गाठलं. त्याने हिशेब मांडला. दहावीवर थांबवली तर दहावीवाला जावई चालतो. पदवी झाली की नोकरीवाला बघावा लागतो, आणि तिथे हुंडा परवडत नाही. शिवाय हातात मोबाईल, उद्या कुणाबरोबर गेली तर? मुलीला काय वाटतं, हे त्या हिशेबात कुठेच नव्हतं. हा बाप 1985 च्या सुमारास माझ्याच वर्गात होता, आणि गणितात चांगला होता.