मेंदूच्या प्रतिमांतील विभागीय संकेत : मास्क पद्धतीचे विवेचन

प्रस्तावना :
कार्यात्मक चुंबकीय अनुनाद प्रतिमांकन, म्हणजेच एफएमआरआय, हे प्रामुख्याने सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये वर्णिलेल्या, रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणानुसार बदलणाऱ्या संकेतावर आधारलेले आहे. दर दोन सेकंदांस एक याप्रमाणे दहा मिनिटांत मेंदूच्या ३०० त्रिमितीय प्रतिमा मिळतात. प्रतिमेतील प्रत्येक घनकणाची, म्हणजे व्हॉक्सेलची, ३०० मूल्यांची कालमालिका तयार होते. त्यांतून विशिष्ट भागाचा संकेत वेगळा काढण्याचे साधन म्हणजे मास्क होय.

संकल्पना :
मास्क ही त्याच मापाची दुसरी प्रतिमा असते. तीत अपेक्षित भागातील व्हॉक्सेलना १ व उर्वरितांना ० हे मूल्य असते. जालना जिल्ह्याच्या नकाशावर घनसावंगी तालुका उघडा ठेवून उर्वरित सात तालुके झाकावेत आणि तेथील पर्जन्यमापकांची दैनिक सरासरी नोंदवावी, तसेच हे कार्य आहे. जिल्ह्याच्या सरासरीत एका तालुक्यातील पावसाचा खंड दडून राहतो. संपूर्ण मेंदूच्या सरासरीत एका भागाचा संकेतही तसाच हरवतो.

कार्यपद्धती :
मास्कमध्ये २०० व्हॉक्सेल असल्यास प्रत्येक क्षणी त्यांची सरासरी काढली जाते. परिणामी ६०,००० मूल्यांऐवजी ३०० मूल्यांची एकच मालिका हाती येते. भरत बिस्वाल व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अशाच विभागीय मालिकेच्या आधारे, विश्रांत अवस्थेतही मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या प्रेरक क्षेत्रांतील संकेत परस्परांशी निगडित असतात, हे दाखविले.

दक्षता :
१) मास्क व प्रतिमा यांची जाळी जुळली पाहिजे. मास्कची जाळी बदलताना निकटतम मूल्य घ्यावे. अन्यथा ० व १ यांच्या दरम्यानची मूल्ये निर्माण होतात.
२) डोक्याच्या हालचालीचा परिणाम वगळावा, अन्यथा हालचालच मेंदूची क्रिया भासते.
३) मास्क लावण्यापूर्वी प्रतिमा मृदू केल्यास शेजारच्या भागाचा संकेत आत मिसळतो.
४) ज्या माहितीतून सर्वाधिक प्रतिसादाचे व्हॉक्सेल निवडले, त्याच माहितीवर त्या प्रतिसादाचे मोजमाप करू नये. निकोलाउस क्रीगेस्कोर्टे व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या चक्रीय विश्लेषणाचा धोका स्पष्ट केला. पाऊस पाहून निवडलेली केंद्रे तालुक्याची सरासरी फुगवितात, तसेच येथे घडते.

समारोप :
सरासरी काढणे संगणकाचे काम आहे; सीमा ठरविणे संशोधकाचे. ही सीमा शरीररचनेच्या नकाशावरून किंवा स्वतंत्र माहितीवरून आधीच निश्चित केली, तरच मिळालेली मालिका मेंदूविषयी काही सांगते. अन्यथा ती संशोधकाच्या अपेक्षेचाच प्रतिध्वनी ठरते.