मिन्योकाव: जमिनीखालच्या राक्षसाची गोष्ट



आज आम्ही तुम्हाला दक्षिण अमेरिकेतल्या ब्राझील देशातली एक गोष्ट सांगणार आहोत. पोर्तुगीज भाषेत 'मिन्योका' म्हणजे गांडूळ आणि 'मिन्योकाव' म्हणजे भलंमोठं गांडूळ. हा प्राणी जमिनीखालून जातो, मोठाली झाडं मुळासकट उलथतो, ओढ्याची वाट बदलतो, असं तिथले लोक सांगत. १८७७ साली फ्रिट्झ म्यूलर या अभ्यासकाने दक्षिण ब्राझीलमधल्या अशा हकिकती छापल्या. कुणी त्याची लांबी ५० मीटरच्या आसपास सांगितली, कुणी अंगावर हाडांचं कवच असल्याचं सांगितलं.

मग तो सापडला का? नाही. त्याचं हाडूकही कुणाच्या हाती लागलं नाही. लोकांना दिसले ते बहुतेक लांबलचक चर आणि पडलेली झाडं, तेही पावसाच्या झडीनंतर. पाणी आतून माती वाहून नेतं तेव्हाही जमीन अशीच खचते.

पण दक्षिण ब्राझीलमध्ये जमिनीखाली खरोखरच मोठी बिळं आहेत. काहींत माणूस उभा राहून चालू शकतो. आतल्या भिंतींवर नखांचे ओरखडे आहेत. हाइनरिख फ्रांक या भूवैज्ञानिकांनी अशी कितीतरी बिळं शोधली. ती गांडुळाची नव्हेत. हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या प्रचंड स्लॉथ आणि आर्माडिलो या प्राण्यांनी ती खणली, असं अभ्यासक मानतात.

आता आपल्याकडे बघा. कोकणात, सह्याद्रीच्या ओल्या मातीत देवगांडूळ असतं. ते गांडूळही नाही आणि सापही नाही. ते बेडकाच्या गोतातलं, बिनपायाचं. त्याचे भाऊबंद दक्षिण अमेरिकेतही आहेत, आणि त्यातलं सर्वांत मोठं जेमतेम दीड मीटरचं. देवगांडूळ मातीतल्या अळ्या, किडे, वाळवी खातं, माणसाला काही करत नाही. तरी कुदळीच्या घावासरशी निघालं की 'साप, साप' म्हणून आपण त्याला ठेचतो.

म्हणून बायांनो, असं काही ऐकलं की तीन प्रश्न विचारायचे. कुणी स्वतः पाहिलं? नेमकं काय पाहिलं, प्राणी की नुसती खूण? ती खूण दुसऱ्या कशाने झाली असेल का? आणि उत्तर मिळेपर्यंत कुदळ खाली ठेवायची.